दक्षिणेला नेलेलं पाणी

६ सप्टेंबर, शुक्रवार. लेअर.

गेशेचा फोन. आरोग्यधामातला मुक्काम अजून तीन आठवड्यांनी वाढला म्हणाली. डॉक्टर तिच्या नव्या खुब्यावर बेहद्द खूश आहेत. मला आनंद झाला. लगेच ब्रेमेनला तालेआला कळवलं, तर आमची कन्या म्हणते, पपा, डॉक्टर खूश झाले की माणसाला घरी पाठवतात, ठेवून घेत नाहीत. म्हटलं, तुला वैद्यकातलं काय कळतं, तू बँकेत आहेस. ती म्हणाली, आणि तू भूगोलात होतास. फोन ठेवला.

गेशेने देशातलं सगळ्यात लांबचं आरोग्यधाम निवडलं. आम्ही पार वर, ओस्टफ्रीसलंडच्या सपाटीवर. ती पार खाली, आल्गॉयमध्ये, आल्प्सच्या पायथ्याशी. लोकांनी भुवया उंचावल्या. मला अभिमान वाटला. भूगोलाच्या मास्तराशी एवढी वर्षं संसार केल्यावर नकाशा डोक्यात बसतोच.

७ सप्टेंबर, सकाळी.

निर्णय. तिला आणायला मी स्वतः जाणार. न सांगता.

जाताजाता पुस्तकही होईल. नाव पक्कं आहे: 'सपाट मुलखातल्या माणसांसाठी जर्मनी. उपयुक्त टिपा.' फाईल सव्वीस वर्षं तयार आहे, प्रवास तेवढा करायचा राहिलाय. दर उन्हाळ्यात प्लॅन असायचाच. एका वर्षी हवामान आडवं आलं. एका वर्षी रस्त्याची कामं. एका वर्षी सगळं जुळून आलं, पण सगळं जुळून येतं तेव्हा गर्दी फार असते. मग आम्ही नॉर्डर्नायला जायचो. बेट चांगलं आहे. बोटीतून उतरल्यावर कुठे वळायचं ते पाठ असतं.

दिवसाला एक प्रांत. तीन दिवसांत पोचायचं, चौथ्या दिवशी दोघांनी परत फिरायचं.

७ सप्टेंबर, दुपारी.

पाणी!

गेशेचं पहिल्या आठवड्यातलं पोस्टकार्ड पुन्हा वाचलं. लिहिते, इथे डोंगर अगदी खिडकीत येतो, चहा मात्र चहासारखा लागत नाही, पाणी जड आहे. घोडं इथे पेंड खातंय तर. बाई चहावाचून झुरतेय, म्हणून खुबा बरा व्हायला वेळ लागतोय. आपलं पाणी मऊ. कपात आधी खडीसाखर, तिच्यावर कडक चहा, खडा तडतडला पाहिजे, मग कडेने हळूच साय सोडायची आणि ढवळायचं नाही. हे जड पाण्यात करून बघा. वर तवंग येतो, जसा काही डबक्यावर.

दोन मोठे कॅन नळाखाली भरले. लग्नातला गुलाबाच्या फुलांचा चहाचा सेट कागदात गुंडाळला. साय वाटेत घेईन. शेजारची फ्राऊ आल्बर्ट्स कुंपणावरून बघत होती. म्हणाली, ओक्को, दक्षिणेत दुष्काळ पडलाय का रे? म्हटलं, हो, चहाचा. म्हणाली, गेशेला भेटलास तर सांग, की मी... आणि मग तिला एकदम कपडे वाळत घालायची आठवण झाली. पाऊस येत होता, तरी.

८ सप्टेंबर, रविवार. ब्रेमेन.

तालेआकडे मुक्काम. मार्ग बरोबर धरला, फक्त ब्रेमेन वाटेवर नव्हतं.

तालेआ म्हणाली, आईला विचारलंस का? म्हटलं, विचारलं तर सरप्राइज कसलं. म्हणाली, पपा, आईला सरप्राइज आवडत नाहीत. माझ्या माहितीप्रमाणे आजवर तिला एकही मिळालेलं नाही, मग तिला आवडनिवड कशी कळली? यावर तालेआने माझा हात धरला आणि म्हणाली, पपा, बस जरा, मला तुला काहीतरी सांगायचंय. तेवढ्यात स्वयंपाकघरात बघतो तो आमचा जावई यानिस माझा कॅन तिरका करून पातेल्यात पाणी ओततोय. नूडल्ससाठी. गाडीतून आत कोणी आणला विचारलं तर म्हणे, तुम्हीच आणलात, बाहेर गरम होईल म्हणून.

त्यानंतर पाणी या विषयावर मी दोघांना थोडं सविस्तर सांगितलं. जेवण होईपर्यंत. तालेआला काय सांगायचं होतं ते राहिलंच. नूडल्स बाकी अप्रतिम झाल्या होत्या, ते मी सांगितलं नाही.

टीप: नातेवाइकांकडे उतरताना कॅनवर नाव लिहावं.

१० सप्टेंबर. हार्त्स.

आयुष्यातला पहिला डोंगर. पस्तीस वर्षं फळ्यावर तपकिरी खडूने काढत आलो. प्रत्यक्षात जास्त उभा असतो.

वळणं फार. कानात दडे. मागच्या गाड्यांनी खूप वेळा हॉर्न वाजवला. या भागातली माणसं गप्पिष्ट दिसतात. अर्ध्या चढावर बॉनेटमधून वाफ. बाजूला घेतलं. मागून एक गॅरेजवाला आला, बोडेकर नाव, दाढीवाला, हाताला पिढीजात वंगण. डिकी उघडून बघतो आणि म्हणतो, वा मास्तर, एवढं पाणी घेऊन फिरताय आणि इंजिन बिचारं तहानलेलं! मी अहो अहो म्हणेपर्यंत एक अख्खा कॅन रेडिएटरमध्ये गेला. वर म्हणतो, पाणी घालताना शिव्या देणारे पाहिलेत, डोळे पुसणारा पहिल्यांदाच बघतोय.

डोळ्यांत वाफ गेली होती.

११ सप्टेंबर. हार्त्स.

गाडी तयार आहे. तरी थांबलो. उताराचा अभ्यास केल्याशिवाय उतरू नये.

जंगल मेलंय. किड्यांनी आतून पोखरलं, कोरड्या उन्हाळ्यांनी वाळवलं. डोंगरच्या डोंगर करड्या काड्यांचे. मी मुलांना शिकवायचो, हार्त्स म्हणजे गर्द हिरवा; हिरवा खडू इथेच संपायचा. पुस्तकात हिरवाच लिहीन. लोक सुट्टी घेऊन येतात, त्यांचा कशाला विरस करा.

गेशेला हार्त्स बघायचा होता. तालेआ तिसरीत असताना. टेबलावर पत्रक ठेवलं होतं तिने, माझ्या कपाशेजारी. मी त्यावरची उंची चुकलेली दाखवून दिली होती. तेव्हा हिरवा होता.

१२ सप्टेंबर. हार्त्स.

उताराचा अभ्यास चालू.

१३ सप्टेंबर, शुक्रवार. फ्रँकन.

उतरलो. ब्रेकचा वास आला, पण वासाने कोणी मरत नाही.

गावातल्या खाणावळीत कोपऱ्यात एक उत्तम टेबल रिकामं होतं. वर पितळी पाटी टांगलेली, म्हणजे खास पाहुण्यांसाठी. बसलो. थोड्या वेळाने चार म्हातारे आले आणि माझ्याभोवती उभेच राहिले. म्हटलं, बसा की, जागा भरपूर आहे. एक म्हणाला, किती आहे ते ठाऊक आहे हो, इथे माझा बाप बसायचा. दुसरा म्हणाला, राहू दे रे, समुद्राकडचा दिसतो, ओहोटीत अडकलाय. शेवटी मालकीण आली, मला दंडाला धरून उठवलं आणि संडासाजवळच्या टेबलावर नेऊन बसवलं. पाहुण्याला इतक्या आपुलकीने हाताला धरून नेणारी माणसं आता कुठे राहिलीत.

टीप: फ्रँकनमध्ये एकट्याने बसायला घाबरू नये. लोक स्वतःहून जमतात.

मालकिणीचं नाव कुनिगुंडे. वर खोल्या भाड्याने देते. विधवा. बोलणं तिखट, पण डुकराचं भाजलेलं मांस त्याहून चांगलं.

१४ सप्टेंबर, शनिवार. दुपारी.

कुनिगुंडेला खरा चहा पाजला. पाणी वापरावं लागलं, पण शिकवणं रक्तातच आहे.

तिने पहिला कप प्यायला, छान आहे म्हणाली आणि चमचा बशीत ठेवला. मी दुसरा ओतला. प्याली. चमचा बशीत. तिसरा ओतला. आमच्याकडे तीन कप हा हक्कच आहे, त्याहून कमी प्यायलं तर यजमानाचा अपमान. चौथ्याला ती नको नको म्हणाली, पण चमचा बशीतच. आमच्यात तोंडाने नको म्हणायला अर्थ नसतो. पुरे झालं की चमचा कपात ठेवायचा. ठेवला नाही तर यजमान ओतत राहतो. शेंबड्या पोरालाही हे कळतं. मुद्दाम सांगितलं नाही. अनुभवासारखा गुरू नाही.

पाचव्या कपानंतर ती म्हणाली, मास्तर, तुमच्याकडे पाहुणा मरेपर्यंत पाजतात की पुरेपर्यंत? मग चमच्याचं सांगितलं. तिने तो कपात असा आदळला की कपाच्या काठाचा टवका उडाला. लग्नातला कप. मग जरा ओशाळून म्हणाली, आणि तुमची मंडळी? ती कितव्या कपाला चमचा ठेवते? म्हटलं, घरच्या माणसाला चमच्याचं काय काम? आम्ही दोघं तीन कप पितो आणि उठतो. एवढ्या वर्षांत गेशेने माझ्यासमोर कपात चमचा ठेवलेला नाही.

कुनिगुंडे म्हणाली, म्हणजे तिला पुरे झालं हे तुम्हाला कळायला मार्गच नाही. आणि हसत भांडी उचलायला लागली. तिला खोकला आहे, हसताना येतो.

१४ सप्टेंबर, संध्याकाळी.

गेशेला फोन केला. कुठून ते सांगितलं नाही. मागे भांड्यांचा खणखणाट, बायकांचा हशा, कोणीतरी गेशे, पाव! म्हणून ओरडलं. ती म्हणाली, ओक्को, आता कामात आहे, नंतर बोलू. उपचार म्हणून रुग्णांना स्वयंपाकघरात कामाला लावतात असं दिसतं. खुब्याला व्यायाम. फार पुढारलेली पद्धत आहे. टिपांमध्ये घेईन.

नंतर फोन आला नाही. तिकडे डोंगरांमुळे रेंजचा त्रास असतो.

१५ सप्टेंबर, रविवार. श्वाबेन.

गेशेपासून दोन तासांवर. मुद्दाम एक रात्र थांबतोय. दमलेलं तोंड घेऊन कोणी बायकोला भेटायला जातं का? तीन मजली घरात वरची खोली घेतली. मालक गावाला गेलाय. खालच्या मजल्यावर फ्राऊ हेबर्ले, ऐंशीच्या घरातली, जिन्यात पाऊल वाजलं की दार उघडते.

उद्या सकाळी निघणार. नक्की.

१६ सप्टेंबर, सोमवार.

निघता आलं नाही. सकाळी दार उघडलं तर कडीला पाटी लटकवलेली: झाडलोटीचा आठवडा. इथे ही पाटी दारोदार फिरते. ज्याच्या दाराला लागेल त्याने आठवडाभर जिना, तळघर आणि फुटपाथ झाडायचा. फ्राऊ हेबर्ले खालूनच म्हणाली, अहो, ती खोलीची पाळी आहे, तुमची नाही. तुम्ही जा तुमच्या वाटेने, मालक येऊन झाडेल. म्हटलं, फ्राऊ हेबर्ले, आमच्याकडे एकाने बांध अर्धा सोडला तर गाव बुडतं. जबाबदारी टाकून मी जाणार नाही. ती म्हणाली, बरं मग कोपरे नीट काढा, वरवर फिरवू नका.

म्हणजे शनिवारपर्यंत थांबणं आलं. गेशेला समजेल. ती स्वतः किती नीटनेटकी.

१८ सप्टेंबर.

जिना लख्ख. फ्राऊ हेबर्लेने तळघरात बोट फिरवून बघितलं, बोटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. शाबासकीच ती.

संध्याकाळी वर आलो तर कॅन हलका लागला. फ्राऊ हेबर्ले म्हणाली, तुमच्या दाराशी शिळं पाणी पडून होतं, फेकून द्यायचं जिवावर आलं, मी त्यात फुटपाथ पुसून घेतला. थेंब वाया घालवला नाही हो! तळाला एका किटलीपुरतं उरलंय. पुरे आहे. एका किटलीत दोघांचे तीन तीन कप होतात, हात आखडता घेतला तर.

२० सप्टेंबर.

आज वरच्या पायरीवर बसलो होतो. हातात झाडू. किती वेळ कोण जाणे. फ्राऊ हेबर्ले खालून म्हणाली, काय हो मास्तर, बरं वाटत नाही का? म्हटलं, छे, भीती कसली. ती म्हणाली, भीतीचं मी विचारलंच नाही.

मग दोन पायऱ्या चढून आली, मला एक सफरचंद दिलं. डागाळलेलं होतं, डाग काढून. म्हणाली, माझा नवरा, गॉटलोब, तोही असाच झाडायचा, दवाखान्यात जायचा दिवस आला की. म्हटलं, काय झालं होतं त्यांना? म्हणाली, डॉक्टरांनी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा फारसं काही नव्हतं.

२१ सप्टेंबर, शनिवार.

पाटी काढून पुढच्या दाराला लावली. आता कारण उरलं नाही. उद्या सकाळी लवकर.

२२ सप्टेंबर, रविवार. आल्गॉय.

दुपारी निघालो. गाडी पुसायची होती.

डोंगर आले. हार्त्स बघून बांधलेले अंदाज सगळे चुकले. पहिल्या वळणावर गाडी थांबवून नुसता बघत राहिलो. फळ्यावर हे मावलं नसतं. गेशे इथे असती तर काय म्हणाली असती, असं वाटून गेलं. मग आठवलं की ती इथेच आहे.

आरोग्यधामाच्या अलीकडच्या गावात रस्ता बंद. उन्हाळाभर डोंगरावर चरायला नेलेल्या गायी आज खाली आणत होते. गळ्यात हंड्याएवढ्या घंटा, सगळ्यात पुढच्या गाईच्या डोक्यावर फुलांचा मुकुट. वर एकही जनावर दगावलं नाही तरच मुकुट चढवतात, असं शेजारी उभा असलेला माणूस म्हणाला. दगावलं तर? तर तशाच आणतात, मुकाट.

गर्दीत एक बाई दिसली. निळा कोट, गेशेचा असतो तसा. हातात बिअरचा मोठा पेला. शेजारणीच्या खांद्यावर डोकं टेकून हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. काठी नाही, लंगडणं नाही. क्षणभर वाटलं. पण गेशे नव्हती. गेशेला मी ओळखतो. ती अशी हसत नाही.

कोटाचं वरचं बटण काळ्या दोऱ्याने शिवलेलं होतं. गेशेच्या कोटाचंही तसंच आहे, निळा दोरा नव्हता म्हणून मीच काळ्याने शिवलं होतं. पण काळा दोरा सगळ्यांकडे असतो. हॉर्न वाजवला नाही. गायी बिचकतात.

२३ सप्टेंबर. सकाळी.

आरोग्यधाम. स्वागतकक्षातली मुलगी फार गोड. या नावाचं आता इथे कोणी नाही म्हणाली. म्हटलं, बघा नीट, मुक्काम वाढवलाय. ती म्हणाली, माफ करा, मला यापेक्षा जास्त सांगता येत नाही. म्हटलं, त्या बहुतेक स्वयंपाकघरात असतील, उपचार चालू असतील. तिने विचारलं, कसले उपचार? आणि मला एक पेला पाणी आणून दिलं. जड होतं.

यादीत काही घोटाळा असणार.

२३ सप्टेंबर. दुपारी.

तालेआला फोन केला. यादीतला घोटाळा तिने ऐकून घेतला. मग म्हणाली, पपा, आईने मुक्काम वाढवला नाही रे. तिने खोली घेतलीय. सकाळी एका खाणावळीत पाव भाजते. मी ब्रेमेनलाच सांगणार होते. म्हटलं, मग सांगायचंस. म्हणाली, तू नूडल्सबद्दल बोलत होतास.

ती रडत होती. तिला आठवलं की नाही कोण जाणे, लहानपणी ती रडली की मी तिला नद्यांची नावं म्हणून दाखवायचो, उगमापासून. आज एम्सपासून सुरुवात केली. तिने पत्ता सांगितला आणि फोन ठेवला.

हे बरंच झालं म्हणायचं. आजारी बायकोला घरी न्यायला त्रास झाला असता. बरी असलेली बायको चटकन निघू शकते.

२४ सप्टेंबर, मंगळवार.

गेशेची खोली चीजच्या दुकानाच्या वर आहे. जिना स्वच्छ नाही. कोपरे तर कोणी काढलेच नाहीत.

दार तिने उघडलं. हाताला पीठ होतं. मी कॅन वर करून दाखवला. म्हटलं, लेअरचं. ती कॅनकडे बघत राहिली आणि म्हणाली, ओक्को, एवढ्या लांबून? आणि तिचे डोळे भरले. मला वाटलं, जिंकलो. खरंच वाटलं.

खोली लहान. खिडकीत डोंगर, कार्डात लिहिला होता तसा. निळा कोट खुंटीला.

चहा मीच केला. ती म्हणाली, बस, मी करते. म्हटलं, तू पाहुणी नाहीस, पण आज बस. पाणी उकळलं, पानं मुरली. टवक्याचा कप मी घेतला. खडीसाखर तडतडली. साय कडेने सोडली, ढगासारखी वर आली. अगदी घरच्यासारखा. तिने पहिला घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाली, हो. असाच असतो. आधी मला याची फार आठवण यायची. म्हटलं, आणि आता? म्हणाली, आता सवय झाली. इथल्या पाण्याची.

मग ती बोलली. हळू, न चिडता. चिडली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं. म्हणाली, तू वाईट माणूस नाहीस रे. म्हणूनच एवढी वर्षं गेली. मी म्हणायचे चल, तू म्हणायचास थांब, आधी बघू दे. तू कायम बघत होतास, पण फाईलमध्ये. म्हणाली, सकाळी पीठ मळून आले की इथे बसते. समोर डोंगर असतो. तो मला काहीही समजावून सांगत नाही.

मी डोंगराकडे बघितलं. म्हटलं, चुनखडीचा आहे. खरं तर समुद्राचा तळ होता तो, आपल्यासारखाच सपाट, आणि मग...

ती हसली. कालपरवासारखी नाही, जुन्यासारखी.

म्हटलं, मी हार्त्स बघून आलो, गेशे. आता नवं जंगल लावतायत. हिरवं झालं की जाऊ. आणि फ्रँकनमध्ये एक टेबल आहे, तिथे माणसं आपणहून जमतात. फाईल गाडीतच आहे. वाटेत सगळं दाखवीन. तू म्हणशील तिथे थांबू. मी एकटा इथपर्यंत आलो ना? वळणं घेत आलो. ती म्हणाली, हो, आलास. मला खरंच वाटलं नव्हतं. आणि माझ्या हातावर हात ठेवला. पिठाचा. म्हणाली, उशीर केलास रे.

म्हटलं, झाडलोटीचा आठवडा होता.

तिचा पहिला कप संपला. मी किटली उचलली. तेव्हा तिने चमचा उचलला, आणि कपात ठेवला. आवाज न करता. पाहुणे ठेवतात तसा.

मी बघितला. मला दिसला. तरी ओतला. चहा चमच्यावरून उडाला, कप भरला, बशी भरली, मेजपोसावर गेला. मी ओततच होतो. तिने थांबवलं नाही. किटली रिकामी झाली तेव्हा उठून फडका घेऊन आली आणि माझ्या बाजूचं आधी पुसलं.

म्हटलं, अजून दोन कपांचं होतं.

म्हणाली, माहीत आहे, ओक्को.

२७ सप्टेंबर, शुक्रवार. लेअर.

एका दमात आलो. कुठे थांबलो नाही. रस्ता सोपा आहे, लोक उगाच बाऊ करतात. फ्राऊ आल्बर्ट्स कुंपणाशी होती. काही विचारलं नाही, एक वाटी सूप ठेवून गेली.

पुस्तक पुढच्या उन्हाळ्यात. सामग्री भरपूर जमली आहे, एकदा नीट बघून घ्यायला हवी.

चहा केला. पाणी छान. सेट तिथेच राहिला, म्हणून साधा कप घेतला. तीन कप प्यायलो.

टीप: एकटे असाल तर चमचा काढू नये. धुवायला एक कमी.